पाचव्या महिन्याच्या आत

(वार्षिक स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, ते सर आमच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. प्रजननाचा धडा आला की 'हा घरी वाचून या' असं सांगून पुढे जायची तेव्हा सर्रास पद्धत होती. सरांनी तो धडा कधी गाळला नाही. मुलंमुली एकाच वर्गात बसलेली असताना ते फळ्यावर आकृती काढायचे, नावं लिहायचे आणि शंका विचारायला लावायचे. पुढे मी पशुवैद्यक झाले, या कोकणपट्टीतच दवाखाना थाटला, आणि सरांनी तेव्हा संकोच न करता जे शिकवलं त्याची किंमत मला रोज कळत गेली. म्हणून त्यांच्या नावाच्या या व्यासपीठावरून मी पाळीव मांजरांच्या नसबंदीवर बोलणार आहे. या सभागृहात अशी फार थोडी घरं असतील, ज्यांचा या विषयाशी कधीच संबंध आला नाही.

आपल्याकडे मांजर मारणं हे मोठं पाप. हातून मांजर मेलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करावं लागतं, असं माझी आजी सांगायची. षष्ठीदेवीचं, म्हणजे आपल्या सटवाईचं, वाहन मांजर. घरात मूल जन्माला आलं की जिची पूजा मांडायची, तिच्याजवळच मांजराला जागा दिलेली आहे. या श्रद्धेमुळे मांजराच्या जिवावर उठणारा माणूस आपल्या गावांतून क्वचित सापडतो, आणि ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पण याच गावांत भाटी, म्हणजे मांजरी, व्यायली की महिन्याभरात घरात बोलणं सुरू होतं. एवढी पिल्लं ठेवायची कुठे? शेजारी नको म्हणतात, सोसायटीत तक्रार होते, पाहुण्यांना विचारून झालेलं असतं. मग एखाद्या सकाळी घरातलं कुणीतरी पिल्लं कापडी पिशवीत घालतं, पिशवी स्कूटरला अडकवतं आणि मच्छीबाजारात, खाडीपलीकडे, देवळाच्या आवारात नाहीतर एखाद्या खानावळीच्या मागे ती सोडून येतं. घरी आल्यावर सांगतं, 'तिथे खायला भरपूर आहे, जगतील.'

ती जगत नाहीत. आणि ती जन्मालाच येऊ नयेत याची सोपी, सुरक्षित वाट आईच्या वयाच्या पाचव्या महिन्याच्या आत त्याच घराला उपलब्ध होती. आजचं माझं सगळं बोलणं या दोन वाक्यांभोवती आहे.

सोडलेल्या पिल्लाचं पुढे काय होतं ते आधी सांगते, कारण सोडणारा ते बघायला थांबत नाही. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाचं वजन साधारण शंभर ग्रॅम असतं. डोळे उघडायला आठवडा-दीड आठवडा लागतो. आपलं आपण अंग गरम ठेवणं त्याला जमत नाही. आईच्या आणि भावंडांच्या उबेवर ते जगतं. दर दोन-तीन तासांनी त्याला लुचायचं असतं. आणि एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते : पहिले दोन-तीन आठवडे पिल्लाला आपणहून शू किंवा शीसुद्धा करता येत नाही. आई जिभेने त्याचं पोट आणि मागचा भाग चाटते तेव्हा ती होते. अशा पिल्लासमोर कुणी दयाळू माणसाने करवंटीत गाईचं दूध ठेवलं, तरी ते त्याला पिता येत नाही. जे पिऊ शकतं त्याला त्या दुधाने हगवण लागते आणि अंगातलं पाणी संपतं. मच्छीबाजारात मासळी भरपूर असते हे खरं, पण जेमतेम महिन्याच्या पिल्लाला बांगड्याच्या डोक्याचा काय उपयोग? तिथे आधीपासून असलेले बोके त्याला टिकू देत नाहीत, प्रसंगी मारूनही टाकतात. कुत्री असतात, टेम्पो मागे घेतले जातात.

यातूनही जे पिल्लू वाचतं त्याच्यासमोर रोग उभे असतात. आईच्या चिकाच्या दुधातून मिळालेलं संरक्षण दीड-दोन महिन्यांपासून ओसरायला लागतं, आणि लस तर दिलेलीच नसते. मांजरांचा पार्व्हो म्हणून लोक ज्याला ओळखतात, त्या रोगाचा विषाणू जमिनीवर, फडक्यांत, खोक्यांत महिनोन्‌महिने, वर्षभरसुद्धा तग धरतो. जिथे वर्षानुवर्षं पिल्लं सोडली जातात आणि मरतात, ती जागा नव्याने येणाऱ्या प्रत्येक पिल्लासाठी आधीच दूषित झालेली असते.

दवाखान्याच्या पायरीवर खोकी ठेवून जाणारेही असतात. पावसाळ्यातल्या एका सकाळचं खोकं मी सांगते. केळ्याच्या वेफर्सचं खोकं होतं, तळ भिजून मऊ झालेला, आत कुणाचातरी जुना फ्रॉक मायेने अंथरलेला. चार पिल्लं होती. दोन गार पडली होती. तिसऱ्याचे दोन्ही डोळे पुवाने घट्ट चिकटलेले. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने पापण्या हळूहळू सोडवल्या तेव्हा उजव्या डोळ्याचं बुबुळ फुटलेलं दिसलं. मांजरांच्या सर्दीचा विषाणू कोवळ्या डोळ्यांवर असा उतरतो. चौथं पिल्लू, एक पिवळा बोका, आमच्या साहाय्यक ताईंनी ब्लाऊजच्या आत छातीशी धरून गरम केला, तो जगला. खोकं ठेवणारा माणूस क्रूर नव्हता. क्रूर माणूस फ्रॉक अंथरत नाही. पण फ्रॉकने त्यांपैकी कुणाचंच काही भागलं नाही.

आता संख्येबद्दल. 'एका जोडीपासून सात वर्षांत लाखो मांजरं' असा हिशेब पोस्टरांवर छापलेला तुम्ही पाहिला असेल. तो मला मान्य नाही. त्यात एकही पिल्लू मरत नाही असं गृहीत धरलेलं असतं. अशा आकड्यांनी माणूस क्षणभर चकित होतो आणि विसरून जातो. खरा हिशेब मृत्यूंसकट मांडायला हवा. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात मोकळ्या फिरणाऱ्या मांजरांचा एक अभ्यास झाला, तो 2004 साली प्रसिद्ध झाला. त्यात भाटींना वर्षाला सरासरी 1.4 वेतं झाली, एका वेताला साधारण तीन पिल्लं. 169 पिल्लांवर लक्ष ठेवलं होतं. त्यांतली 127 सहा महिन्यांची व्हायच्या आत मेली किंवा नाहीशी झाली. शंभरातली पंचाहत्तर. मृत्यूचं सर्वांत मोठं कारण होतं इजा : कुत्र्यांचे हल्ले, वाहनं. आपल्याकडे चार महिने पाऊस, रस्तोरस्ती कुत्री. आपला आकडा याहून बरा असेल असं मानायला मला कुठलंच कारण दिसत नाही. गल्लीत मांजरं फार वाढलेली दिसत नाहीत, मग नसबंदी कशाला, असं मला विचारलं जातं. वाढलेली का दिसत नाहीत, याचं उत्तर या पंचाहत्तरांत आहे.

इतकी पिल्लं होतात तरी कशी? मांजराच्या शरीराची रचनाच तशी आहे. भाटी चार ते सहा महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते. घरच्यांच्या नजरेला ती अजून पिल्लूच असते. ती जमिनीवर लोळते, पुढचं अंग खाली घालून मागचा भाग उचलते, रात्रभर घसा ताणून ओरडते. पहिल्यांदा मांजर पाळणारे पुष्कळ जण तिला पोटात दुखतंय म्हणून दवाखान्यात आणतात. माज आठवडाभर टिकतो. बोका मिळाला नाही, तर दोन-तीन आठवड्यांत तो पुन्हा येतो. आणि बोका मिळाला, तर गर्भ राहण्याची शक्यता फार मोठी असते, कारण मांजरीत अंडं समागमानंतर सुटतं. समागम हाच शरीराला दिलेला इशारा असतो; पुढच्या एक-दोन दिवसांत अंडी बाहेर पडतात. स्त्रीच्या शरीरातल्यासारखी ठरावीक दिवसांची वाट तिथे पाहावी लागत नाही. त्या काळात एकाहून अधिक बोके आले, तर एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात. नऊ आठवड्यांनी भाटी विते. पिल्लं अंगावर पीत असतानाच ती पुन्हा माजावर येऊन गाभण राहू शकते.

या माजाचा संबंध दिवसाच्या लांबीशी आहे. थंड देशांत हिवाळ्यात दिवस आखूड होतात तेव्हा मांजरींना विश्रांती मिळते. आपल्याकडे हिवाळ्यातला दिवसही अकरा तासांचा असतो, आणि घरात रात्री उशिरापर्यंत ट्यूबलाइट चालू. म्हणजे आपल्या मांजरींना विश्रांती अशी जवळपास नाहीच.

महिन्यांत मांडून बघा. जानेवारीत जन्मलेली भाटी जूनमध्ये माजावर आली, तर ऑगस्टमध्ये, भर पावसात, ती वितेल. स्वतःचं वर्षही पुरं झालेलं नसताना तिच्या अंगावर तीन-चार जीव. तिची स्वतःची वाढ पूर्ण झालेली नसते. अशा कोवळ्या भाटीचं बाळंतपण अडलं, की रात्री-अपरात्री धावपळ सुरू होते. कधी आई वाचते, कधी नाही.

एक गैरसमज इथेच बाजूला करते. 'आमच्याकडे भाऊ-बहीण आहेत, त्यांचं काही होत नाही.' होतं. मांजरांना आपली नाती ठाऊक नसतात. बहिणीला भावापासून आणि आईला मुलापासून गर्भ राहतो. दोन पिल्लं जोडीने पाळली असतील, तर दोघांचीही शस्त्रक्रिया वेळेवर करायला हवी.

शस्त्रक्रिया म्हणजे नक्की काय, ते सांगते. भीती वाटते ती पुष्कळदा न पाहिल्यामुळे. सकाळी मांजराला उपाशीपोटी आणायचं. किती तास उपाशी ठेवायचं ते वयावर ठरतं आणि कोवळ्या पिल्लांना फार वेळ ठेवत नाहीत. तपासणी होते, हृदय-फुप्फुसं ऐकली जातात, मग भूल. पूर्ण भूल असते, वेदनाशामकही दिलेलं असतं. पोटावरचे किंवा बरगडीमागच्या कुशीवरचे केस काढून जागा निर्जंतुक करतात. भाटीला एक-दोन सेंटिमीटरचा छेद पुरतो. त्यातून दोन्ही अंडाशयं आणि बहुतेक वेळा गर्भाशयही बाहेर घेतात. अंडाशय जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचं. त्याच्या रक्तवाहिन्यांना विरघळणाऱ्या दोऱ्याची घट्ट गाठ मारायची, हे या शस्त्रक्रियेतलं सर्वांत जबाबदारीचं काम. बोक्याचं काम आणखी लहान. वृषणं काढायला काही मिनिटं लागतात आणि पुष्कळदा बाहेर टाकाही घालावा लागत नाही. संध्याकाळपर्यंत मांजर घरी. पुढे दहा-बारा दिवस टाका चाटू नये म्हणून गळ्यात कॉलर किंवा अंगात कापडी सदरा. उंचावरून उड्या मारू देऊ नयेत, जखम रोज बघावी. सूज वाढली, पाणी आलं, मांजर खाईनासं झालं तर थांबू नये, लगेच आणावं. धोका अजिबात नाही असं मी म्हणणार नाही, भुलीखालच्या कुठल्याच शस्त्रक्रियेबद्दल ते म्हणता येत नाही. पण निरोगी, कोवळ्या वयाच्या मांजरात तो फार थोडा असतो, आणि रस्त्यावरच्या बाळंतपणाचा धोका त्याच्या कितीतरी पट मोठा आहे.

वय कोणतं? 2016 साली अमेरिकेत पशुवैद्यांच्या एका कृतिगटाने उपलब्ध अभ्यास तपासून शिफारस केली, की पाळीव मांजराची नसबंदी पाच महिन्यांचं होण्याआधी करावी. पुढच्या वर्षी तिथल्या पशुवैद्यकांच्या राष्ट्रीय संघटनेने त्या शिफारशीला पाठिंबा दिला. पूर्वी सहा-सात महिने थांबायची रीत होती, आणि त्या दोन महिन्यांतच पहिलं वेत पोटात येत होतं. लसीकरण सुरू केलंत की शेवटच्या लशीच्या वेळीच तारीख ठरवा.

आता आक्षेपांकडे येते. सर्वांत जास्त ऐकू येणारा आक्षेप बायका बोलून दाखवतात, आणि तो प्रेमातून आलेला असतो : 'डॉक्टर, एकदा तरी आई होऊ दे की तिला.' मी या वाक्याला कधी हसले नाही. आपल्याकडे आईपणाभोवती इतकं काही गुंफलेलं आहे, की ते नाकारणं म्हणजे अन्याय वाटतो. पण मांजरीला येत्या आईपणाची हुरहूर नसते. माजाच्या वेळी तिला जे होतं, ते शरीरातल्या संप्रेरकांचं रेटणं असतं. संप्रेरकं थांबली की ते मागणंही थांबतं. पिल्लं झाल्यावर मात्र ती खरीखुरी आई होते. जीव पाखडते, दातांत धरून सात घरं फिरवते. आणि नेमकी तेव्हा आपण पिशवी काढतो. पिल्लं नेल्यावर भाटी दोन-तीन दिवस कोनाकोपऱ्यांत, कपाटामागे, माळ्यावर हाका मारत हिंडते, दूध साठून तिची आचळं टणक होतात. हे ज्यांनी पाहिलंय त्यांना मी वेगळं काही सांगायला नको. आईपणाचा मान राखायचा असेल, तर दरवर्षी तिची पिल्लं हिरावण्याची वेळ आणू नये.

वैद्यकाच्या बाजूनेही 'एक बाळंतपण होऊ द्यावं' याला आधार नाही, उलट पुरावा दुसऱ्या बाजूला आहे. मांजरींच्या स्तनांत होणाऱ्या गाठींपैकी बहुतेक, दहातल्या साधारण साडेआठ-नऊ, कर्करोगाच्या असतात. 2005 सालच्या एका अमेरिकी अभ्यासात सहा महिन्यांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्या मांजरींत या कर्करोगाचा धोका 91 टक्क्यांनी कमी आढळला. सहा महिने ते वर्ष या वयात झालेल्यांत 86 टक्क्यांनी. त्यानंतर फायदा झपाट्याने घटतो. गर्भाशयात पू होणं हा दुसरा घातक आजार, शस्त्रक्रिया न झालेल्या मध्यम वयाच्या मांजरींत दिसणारा. गर्भाशयच नसेल, तर तो होण्याचा प्रश्न येत नाही.

पाळी थांबवतात तशी गोळी किंवा इंजेक्शन मांजरीलाही देता येतं म्हणून काही जण तो मार्ग धरतात. स्वस्त वाटतो. माझं स्पष्ट मत आहे, तो धरू नका. ती प्रोजेस्टेरॉनसारखी औषधं वारंवार दिली की गर्भाशयात पू होतो, स्तन विलक्षण सुजतात, मधुमेह जडू शकतो. तीन वर्षं इंजेक्शनं दिलेली भाटी शेवटी त्याच टेबलावर येते, पण तेव्हा ती आजारी असते आणि शस्त्रक्रिया अवघड झालेली असते.

दुसरा आक्षेप निसर्गाचा. निसर्गाच्या विरुद्ध हे करू नये, असं म्हणणाऱ्यांत आमच्याकडचे शेतकरी असतात. त्यांना मी आदराने आठवण करून देते की खोंड बडवल्याशिवाय आपल्या शेतीला बैल मिळाला नसता. तेव्हा भूल नव्हती; खोंडाला पाडून, पाय बांधून, नसा ठेचत. पुढे सरकारी दवाखान्यात चिमटा आला. गावरहाटीने हे शतकानुशतकं केलं ते कामासाठी. मांजराच्या बाबतीत ते त्याच्याच भल्यासाठी आणि भूल देऊन करायचं आहे. शिवाय घरातलं मांजर निसर्गात राहिलेलं नाही. आपण त्याला ताट दिलं, छप्पर दिलं, लस दिली. जगणं इतकं हाती घेतल्यावर जन्माची बाजू तेवढी निसर्गावर सोडणं ही सोयीची वाटणी झाली.

तिसरी गोष्ट कुणी आक्षेप म्हणून मांडत नाही, पण ती मनात असते. नसबंदी म्हटलं की आपल्या वडीलधाऱ्या पिढीला 1975 ते 77 ची आणीबाणी आठवते, तेव्हाची सक्ती आठवते. ती आठवण रास्त आहे. माणसाच्या शरीराबद्दलचा निर्णय त्याच माणसाचा. याच महाराष्ट्रात र. धों. कर्व्यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी नोकरी गमावली, 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं आणि अश्लीलतेचे खटले सोसले. त्यांचा सगळा आग्रह माणसाला माहिती मिळावी आणि त्याने स्वतः निवड करावी, यासाठी होता. मांजराला ती निवड करता येत नाही. त्याच्या वतीने निवड करणारे आपण असतो. शस्त्रक्रिया न करणं हीसुद्धा आपणच केलेली निवड असते, आणि तिचे परिणाम ते भोगतं. म्हणून पालकाच्या डोक्यावर इथे अधिक भार आहे. तो भार जाणून, डॉक्टरांना चार प्रश्न विचारून निर्णय घ्यावा, असं मी म्हणते.

गाभण भाटीचं काय करायचं, हा मला सर्वांत अवघड वाटणारा प्रश्न आहे. घरच्यांना कळतं तेव्हा पुष्कळदा पाच आठवडे उलटलेले असतात. सुरुवातीच्या दिवसांत मी शस्त्रक्रिया करते. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत आलेल्या भाटीच्या घरच्यांना समोर बसवून विचारते : पिल्लं दोन महिन्यांची होईपर्यंत आईजवळ ठेवाल का, प्रत्येकाला घर शोधाल का? मनापासून हो म्हणाले तर थांबते. वेगळं मत असणारे डॉक्टर आहेत, दोन्ही बाजूंनी. पण पिल्लांना घर मिळणार नाही हे माहीत असताना त्यांना जन्मू द्यावं आणि मग बाजारात सोडावं, हा मार्ग मला कुठल्याच विचाराने समर्थनीय वाटत नाही.

बोक्यांबद्दल कुणी बोलतच नाही. 'आमचा बोका आहे, आम्हाला काय त्रास?' भाटीला एका वेळी एकच वेत होतं. बोका मात्र एका मोसमात कितीतरी वेतांचा बाप होतो, आणि ती पिल्लं दुसऱ्यांच्या माळ्यावर जन्मतात. बोक्याच्या स्वतःच्या जिवासाठीही शस्त्रक्रिया हवी. भाटीच्या मागे तो मैलभर जातो, रस्ते ओलांडतो, मारामाऱ्या करतो. गालावर, शेपटीच्या बुडाशी दातांच्या जखमा होतात, त्यांत पू साठतो. मांजरांच्या प्रतिकारशक्तीवर घाला घालणारा एक विषाणू 1986 साली कॅलिफोर्नियात सापडला. तो मुख्यतः चाव्यातून पसरतो, आणि भांडखोर, न-खच्ची बोक्यांत सर्वांत जास्त आढळतो. माणसाला त्याची बाधा होत नाही. शस्त्रक्रियेनंतर दारावर, पडद्यावर मुताची फवारणी करणंही दहातले साधारण नऊ बोके बंद करतात किंवा पुष्कळ कमी करतात. एक काळजी घ्या : वृषणं काढल्यावरही काही आठवडे वीर्य शिल्लक असतं. महिना-दीड महिना त्याला भाटीपासून दूर ठेवा.

मांजर लठ्ठ होतं, ही तक्रार खरी आहे. शस्त्रक्रियेनंतर अन्नाची गरज साधारण पाव हिश्श्याने घटते आणि भूक वाढते. वाटी लहान करा, खेळवा. उरलेली तक्रार, सुस्त होतं म्हणून उंदीर धरत नाही, ही मला कधी फारशी दिसलेली नाही.

खर्चाचा प्रश्न मात्र मोठा आहे आणि तो मी टाळणार नाही. शहरात खासगी दवाखान्यात काही हजार रुपये लागतात. ज्या आजी पेन्शनच्या पैशांतून गल्लीतल्या सहा मांजरांना वाढतात, त्यांना ते कसे परवडणार? मुंबईत परळला 1883 साली दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून बाई साकरबाई रुग्णालय उभं राहिलं, आणि गरिबांच्या जनावरांना उपचार मिळाले. असं काही प्रत्येक जिल्ह्याला हवं. इमारत नंतर येईल. महिन्यातून एक दिवस, ठरलेल्या दराने, चांगल्या भुलीसह आणि पुढच्या देखरेखीसह शिबिर भरलं तरी फरक पडतो. आमच्या व्यवसायालाही सांगायचं आहे : आपलं महाविद्यालयीन शिक्षण गाई-म्हशींभोवती फिरतं, मांजराची भूल आणि लहान छेदातून काम करणं स्वतंत्रपणे शिकावं लागतं. गोव्यात पशुवैद्यांना नसबंदीच्या शस्त्रक्रियेचं प्रत्यक्ष प्रशिक्षण देणारं केंद्र चालतं. आपल्या तरुण डॉक्टरांना तिथे पाठवायला नगरपालिकेने थोडी तरतूद केली, तर पैसा सत्कारणी लागेल.

कायदा आहे. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या 11 व्या कलमानुसार भुकेने-तहानेने हाल होतील अशा अवस्थेत प्राण्याला टाकून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. एवढ्या दंडाने कुणाची पिशवी थांबणार नाही. ती थांबेल ती शेजारणीच्या सांगण्याने, आणि पिल्लू देण्याघेण्याच्या आपल्या रिवाजात एक अट घातल्याने.

ती अट अशी. पिल्लू आठ आठवड्यांचं होईपर्यंत आईजवळ राहील. देताना फक्त 'नीट सांभाळा' म्हणून भागणार नाही. शस्त्रक्रिया कोणत्या महिन्यात, कुठे आणि कोणाच्या खर्चाने, हे त्याच वेळी ठरेल. भाटी पिल्लू कुणी नेत नाही, बोके आधी जातात, हा माझ्या दवाखान्यातला नेहमीचा अनुभव. शस्त्रक्रिया झालेली किंवा तिचे पैसे भरलेली भाटी मात्र लोक आनंदाने नेतात, कारण त्यांची खरी भीती पुढच्या वेतांची असते. आणि पिल्लांचं दूध तुटलं की आईला ताबडतोब दवाखान्यात आणायचं. तिला 'जरा सावरू दे' म्हणून महिना थांबलात तर ती पुन्हा गाभण राहील; पुष्कळदा ती आणेपर्यंत राहिलेली असते.

ग्रंथालयाच्या कार्यवाहांशी माझं बोलणं झालं आहे. पुढच्या महिन्यापासून वाचनालयाच्या मागच्या खोलीत एक नोंदवही ठेवली जाईल. ज्यांच्या घरी तीन-चार महिन्यांचं मांजर आहे त्यांनी मांजराचं वय, भाटी की बोका, लस झाली का आणि आपला फोन क्रमांक लिहावा. गल्लीतल्या मांजरांना जे रोज वाढतात त्यांनीही लिहावं. त्या मांजरांना पकडायचा पिंजरा आम्ही देऊ, आणि झालेल्या शस्त्रक्रियेची खूण म्हणून भुलीतच कानाचं टोक किंचित कापलं जाईल, म्हणजे तीच भाटी पुन्हा धरली जाणार नाही. नावं पुरेशी झाली की तारीख लावू. ज्यांना खर्च झेपत नाही त्यांनी वहीत फक्त एक फुली करावी, कारण लिहायची गरज नाही. ज्यांना दुसऱ्या एखाद्या मांजराचा खर्च उचलता येईल त्यांच्यासाठी वहीचं शेवटचं पान मोकळं ठेवलं आहे.

माझं बोलणं झालं. आता तुमचे प्रश्न घेते; आजारी मांजराबद्दल काही विचारायचं असेल तर तेही विचारा.